राजकुमार हिवराळे रक्ती खातात

त्या दिवशी राजकुमार हिवराळे यांनी नुसतं ‘ठेचा’ म्हटलं असतं, तरी भागलं असतं.

प्रश्न साधाच होता. त्यांची मुलगी विशाखा शेंद्र्याच्या एका कोरियन कारखान्यात इंजिनिअर. तिच्या वरच्या हुद्द्यावर चो नावाच्या एक बाई होत्या, थेट कोरियाहून आलेल्या. कँटीनमध्ये डबा खाताना त्यांनी विशाखाला विचारलं, "तुमच्या लोकांचं असं एखादं जुनं खाणं आहे का, जे बाहेरच्या माणसाला झेपणारच नाही? आमच्याकडे आहे." विशाखानं तो प्रश्न जसाच्या तसा घरी आणला आणि जेवताना वडिलांपुढे ठेवला.

राजकुमारांनी भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवता बुडवता थांबवला. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे एकदा पाहिलं (महत्त्वाचं काही बोलायच्या आधी ते तसं पाहतातच) आणि म्हणाले, "रक्ती."

स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला. तिथं त्यांच्या पत्नी निशाताई उभ्या होत्या.

"मला माहीतच होतं पप्पा!" विशाखा म्हणाली. "मी मॅडमना सांगितलंय, माझे वडील या विषयातली अथॉरिटी आहेत."

अथॉरिटी हा शब्द राजकुमारांच्या डोक्यात पंख्यासारखा फिरला. ते म्हणाले, "मग बोलव त्यांना रविवारी घरी. म्हणावं, तुमचं तुम्ही आणा, आमचं आम्ही करतो. तुमचा पहिला घास मी खाणार आणि आमचा पहिला घास तुमच्यासोबत बसून मीच खाणार. बघूच, कुणाच्या पूर्वजांत किती दम होता!"

बोलून झालं. विशाखानं लगेच मोबाइलवर मेसेज टाकलासुद्धा. पलीकडून तलवारी उपसलेलं एक चित्र आलं.

राजकुमार हिवराळे जिल्हा परिषदेत वरिष्ठ सहायक. पण गारखेड्यातल्या त्यांच्या अपार्टमेंटमध्ये त्यांना कुणी हुद्द्यानं ओळखत नाही. ‘विंचू खाल्लेले हिवराळे’ म्हणून ओळखतात. ऑफिसच्या मंडळींबरोबर थायलंडला गेले असताना त्यांनी काडीला टोचलेला तळलेला विंचू नांगीसकट चावून खाल्ला होता. त्याचा फोटो हॉलमध्ये आहे. दिमापूरला कर्मचारी संघटनेच्या अधिवेशनात गांधीलमाशीच्या अळ्या खाल्ल्या, त्याचाही आहे. बस्तरमध्ये लाल मुंग्यांची चटणी खाऊन वर बोटं चाटली. चुन्याराखेत मुरवलेलं काळंकुट्ट चिनी अंडं त्यांनी अशा शांतपणे गिळलं होतं की शेजारी बसलेल्या अधीक्षकसाहेबांनी त्या दिवसापुरता उपास धरला. हे सगळं खरं आहे. यात एका शब्दाची फेकाफेकी नाही.

आणि हे सगळं ते उगाच शायनिंग मारायला करत नसत. त्यामागं त्यांचा विचार होता. टीव्हीवर एखादा गोरा माणूस डुकराच्या रक्ताचं सॉसेज खातो, तेव्हा आपल्याकडचे शहाणे लोक सोफ्यावर रेलून "वॉव, काय कल्चर आहे" म्हणतात. तेच लोक खालच्या मजल्यावरून सुकटीचा वास आला की सोसायटीच्या ग्रुपवर नियम टाकतात. जपानी माणसानं कच्चा मासा खाल्ला तर ती कला. आमच्या माणसानं वजडी खाल्ली तर तो गावंढळ! गावकुसाबाहेरच्या चुलींवर, जे काही वाट्याला आलं त्यातून ज्या बायांनी चव काढली, त्यांना कधी कुणी शेफ म्हटलं नाही. चौदा एप्रिलच्या व्याख्यानमालेत राजकुमारांनी ‘आमच्या ताटाचा इतिहास’ या विषयावर हे सगळं असं काही ठणकावून सांगितलं होतं की मागच्या रांगेतले तरुण उभे राहिले होते. त्या भाषणात रक्तीवरच मोठा भाग होता. बोकडाचं रक्त मीठ घालून कसं गोठवायचं, कसं उकडायचं, कुस्करून कांदा-लसूण-खोबऱ्यावर कसं परतायचं, आणि खाणाऱ्याच्या अंगात ते कसं उतरतं. लोकांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

फक्त एक बारीक अडचण होती. राजकुमार हिवराळे यांनी जन्मात रक्ती खाल्लेली नव्हती.

त्यांना रक्त पाहवतच नव्हतं. रक्तदान शिबिराची फीत ते दरवर्षी कापत आणि लगेच "मला एक अर्जंट फोन आहे" म्हणून मांडवाबाहेर जात. साखर तपासायला लॅबमध्ये गेले की सुई टोचायच्या आधी छताकडे बघून पंख्याची पाती मोजत. विंचवात लाल रक्त नसतं, अळीत नसतं, मुंगीत तर नसतंच. काळ्या अंड्याचा प्रश्नच नाही. त्यांचं सगळं शौर्य बिनरक्ताचं होतं, आणि ही गोष्ट जगात दोनच माणसांना ठाऊक होती. एक बायको आणि दुसरी आई.

विशाखा झोपायच्या खोलीत गेल्यावर निशाताई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"अहो, तुम्ही खाणार?"

"म्हणजे काय?"

"म्हणजे तोंडात घालणार, चावणार आणि गिळणार?"

"मी अथॉरिटी आहे, निशा."

"मागच्या वेळी मला विळी लागली तेव्हा बोट माझं कापलं आणि पाणी तुमच्या तोंडावर मारावं लागलं."

"ते अचानक झालं होतं. हे ठरवून आहे."

"मग पोरीला खरं सांगा. त्यात काय एवढं?"

इथंच तर सगळी मेख होती. ही पोरगी लहानपणी वडिलांचं बोट धरून भाषणांना गेली. शाळेत कुणीतरी तिच्या डब्याला नाक मुरडलं, तेव्हा ती रडत घरी आली नाही; तिनं वडिलांचं भाषण त्या मुलीला म्हणून दाखवलं. आता ती मोठ्या कारखान्यात, देशोदेशीच्या माणसांत, मान ताठ करून ‘आमचं खाणं’ म्हणते. तिला काय सांगायचं? की तुझा बाप स्टेजवर एक बोलतो आणि ताटावर बसला की डोळे पांढरे करतो? राजकुमार विंचवाच्या फोटोकडे बघत म्हणाले, "खाणार म्हणजे खाणार."

"बघा बरं," निशाताई म्हणाल्या. "पडलात तर सोफ्याच्या बाजूनं पडा. टीपॉय काचेचाय."

राजकुमारांनी तालीम सुरू केली. आधी किसलेलं बीट खाल्लं. ते जमलं. मग बीट उकडून, कुस्करून वाटीत घालून, डोळ्यांसमोर हलवून खाल्लं. तेही जमलं. धीर चेपल्यावर त्यांनी मोबाइलवर अपेंडिक्सच्या ऑपरेशनचा व्हिडिओ लावला, पण डॉक्टर हातमोजे घालत असतानाच त्यांना गरगरलं आणि त्यांनी तो बंद केला. (हातमोजे स्वच्छ होते, हे इथं नमूद करायला हवं.)

रविवारी सकाळी रक्ती आणायला स्टीलचा डबा घेऊन त्यांनाच जावं लागलं. घरात दुसरा पुरुष नव्हता, आणि विशाखानं "पप्पा, तुम्हीच निवडून आणा, तुम्हाला कळतं" असं म्हटल्यावर इलाजही नव्हता.

जिन्सीत गनीचाचांचं जुनं मटणाचं दुकान आहे. चाचांनी लांबूनच हाक मारली, "आओ राजूभाई! रान देऊ का सीना?"

"आज रक्ती पाहिजे, चाचा."

चाचांचा चाकू हवेतच थांबला. मग त्यांचा चेहरा फुलला. "वा! वो जयंती में आपका भाषन सुना था मैं. क्या बोले आप! मेरेकू लगा, ये आदमी रोज खाता होयेंगा. इधर आओ ना अंदर, ताजी देतूं. देखके लेओ."

"नको, नको. तुम्ही द्याल ती चांगलीच."

"नक्को कैसे? देखो तो सही. कैसी जमी है, आईना है आईना!"

चाचांनी परात पुढं केली. परातीत तांबडी, गुळगुळीत, चकाकणारी रक्ती होती आणि ती थरथरत होती. राजकुमारांनी तिच्याकडे पाहिलं. तीही आपल्याकडे पाहतेय, असं त्यांना वाटलं. पुढचं त्यांना आठवतं ते थेट दुकानाच्या पायरीवरचं. चाचा त्यांना मटण गुंडाळायच्या पेपरनं वारा घालत होते.

"शुगर है क्या, राजूभाई?"

"उपाशी आलो ना," राजकुमार म्हणाले.

"कायकू उपाशी फिरते? खाने पे इत्ता बोलते आप, और खुद भूके!"

गारखेड्यापर्यंतच्या रस्त्यावर किती गतिरोधक आहेत, हे महापालिकेलाही त्या दिवशी राजकुमारांनी सांगितलं असतं. डबा स्कूटरच्या पायाशी होता. प्रत्येक उंचवट्यावर तो आतून डुचमळे आणि ते डुचमळणं चपलेतून पायात, पायातून पोटात चढे. घरी पोचताच त्यांनी डबा आईच्या हातात दिला आणि ते पंख्याखाली आडवे झाले.

त्यांची आई मुक्ताबाई. वय झालंय, गुडघे दुखतात, पण चुलीवरची सत्ता त्यांनी अजून सुनेला दिलेली नाही. फर्दापूरकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्या जे शिजवत आल्या, ते दार लावून, धूर कोंडून शिजवत आल्या; उगाच कुणाची बोलणी नकोत. आज साता समुद्रापलीकडून आलेली बाई त्यांच्या हातचं मुद्दाम मागून खाणार होती. मुक्ताबाईंनी ठेवणीतलं इरकल नेसलं होतं आणि स्वयंपाकघराच्या दोन्ही खिडक्या सताड उघडल्या होत्या.

इतक्यात कारखान्याच्या ड्रायव्हरनं एक थर्माकोलचा खोका आणून दिला. चो मॅडमचा पदार्थ. विशाखानं बजावलं, "आजी, हा फ्रिजमध्ये ठेव. फार दुर्मिळ आहे. मॅडमच्या भावानं तिकडून येताना आणलाय." आणि ती मॅडमना घ्यायला गेली.

तो पदार्थ काय आहे, हे सांगायचं मात्र ती विसरली. तो होता त्यांच्या समुद्रातला एक चपटा, पंख्यासारखा मासा. तो मडक्यात ठेवून असा आंबवतात की त्याला नवसागरासारखा वास सुटतो, नाकातून सरळ मेंदूत जाणारा. त्याचे कच्चे काप खातात. मॅडमच्या प्रांतात लग्नाच्या पंगतीत तो नसेल तर पंगतीला पंगत म्हणत नाहीत.

मुक्ताबाईंनी फ्रिज उघडला आणि मागं सरल्या.

"निशा! ये निशा! मासुळी सडली गं ही!"

निशाताईंनी नाकाला पदर लावून झाकण उघडलं. डोळ्यांत टचकन पाणी आलं. "आत्या, विमानात बिघडले असणार. एवढ्या लांबून आणलेत बिचारीनं."

"आता ती येईल, समद्यांम्होरं डबा उघडंल अन् पोरीची मान खाली जाईल. पाहुणी हाय, तिची लाज आपुन नाय झाकायची तर कुणी?" मुक्ताबाई हॉलच्या दारात आल्या. "राजा, त्या बाईची मासुळी बिघडलीय. काय करू रं?"

राजकुमार पंख्याखाली डोळे मिटून दीर्घ श्वासाचा व्यायाम करत होते. "माय, तुला कळतं ते कर," ते म्हणाले.

मुक्ताबाईंना जे कळत होतं, ते त्यांनी केलं. जनावराच्या आतड्याचा वास कसा घालवायचा, यात त्यांची हयात गेली होती. वजडीसाठी जी रीत, तीच त्यांनी त्या माशाला लावली. आधी चुना चोळला, मग कढत पाणी, मग मीठ-हळद, मग चिंचेचा कोळ. वास जाईना. चुना लावल्यावर तर तो जास्तच उसळला. तेव्हा मुक्ताबाईंनी कंबर कसली. येसर, काळा मसाला, भाजलेलं खोबरं घालून रस्सा फोडणीला टाकला, माशाचे सगळे काप त्यात सोडले आणि कुकरचं झाकण लावून वर म्हणाल्या, "बघू, कसा जात नाय!"

शिट्टी झाली.

त्या शिट्टीबरोबर जे बाहेर आलं, त्याला वास म्हणणं म्हणजे वासाचा अपमान आहे. राजकुमार सोफ्यावरून उठले ते उभेच राहिले नाहीत, धावले. निशाताई गॅलरीत गेल्या. दोन्ही खिडक्या सताड उघड्या असल्यामुळे ती वाफ कुठंही न अडता वरच्या मजल्यावर गेली, खालच्या मजल्यावर गेली, जिन्यानं पार्किंगमध्ये उतरली. मुक्ताबाई तेवढ्या पदर तोंडाला बांधून शेगडीपाशी उभ्या होत्या.

दारावर धपाधप थापा पडल्या. सोसायटीचे सेक्रेटरी शिवराज काळे ओला टॉवेल तोंडाला लावून उभे होते. हा माणूस पूर्वी बर्फाच्या कारखान्यात सुपरवायझर होता.

"राजाभाऊ, बाहेर व्हा! अमोनियाय हा! कुठंतरी टाकी फुटलीय!"

"टाकी नाही, भाऊ, कुकरय."

"कुकरात अमोनिया? काय शिजवताय काय तुम्ही, युरिया?"

"पाहुण्यांचा मासा आहे."

"पाहुणे जिवंत आहेत ना?"

एव्हाना राजकुमारांसकट सगळी इमारत पार्किंगमध्ये जमली होती. कुणी म्हणत होतं गॅस एजन्सीला फोन करा, कुणी म्हणत होतं विंचूवाल्याकडचंच काहीतरी आहे. अशा वेळी कारखान्याची गाडी फाटकातून आत आली. विशाखा उतरली. मागून चो मॅडम उतरल्या. आणि मान वर करून जागच्या जागी थांबल्या.

विशाखानं वास ओळखला, खिडकीतल्या आजीकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "आजी! तो शिजवायचा नव्हता!"

चो मॅडमचे डोळे भरून आले होते. (सगळ्या इमारतीचेच आले होते, त्यामुळे कुणाला त्याचा अर्थ लागेना.) मग त्यांनी छाती भरून श्वास ओढला. त्या पार्किंगमध्ये मुद्दाम श्वास ओढणारं तेवढं एकच माणूस होतं. त्या विशाखाला भराभर काहीतरी म्हणाल्या आणि लिफ्टची वाटही न बघता जिना चढू लागल्या.

"काय म्हणाल्या? चिडल्या का?" राजकुमारांनी विचारलं.

"नाही पप्पा. म्हणाल्या, आमची आजी थंडीत याचा रस्सा करायची. काप खाणारे खूप भेटतात, शिजवायची हिंमत हल्ली कोण करत नाही, कारण वास दुप्पट होतो. आजी गेल्यापासून त्यांनी हा वास घेतला नव्हता."

वर मुक्ताबाई हात पदराखाली लपवून उभ्या होत्या. परक्या बाईचा जिन्नस आपण नासवला, एवढंच त्यांना कळलं होतं. चो मॅडमनी कुकरचं झाकण उघडलं, पळीनं रस्सा चाखला, येसरचा ठसका लागला, नाक पुसलं, आणि कारखान्यात शिकलेल्या मराठीत म्हणाल्या, "लई भारी!" मग त्या कमरेत वाकल्या, अगदी पाठ आडवी होईपर्यंत.

मुक्ताबाईंनी पदराखालून हात काढले, ते जोडले आणि ताठ उभं राहून म्हणाल्या, "जय भीम, पोरी. बस जेवायला."

राजकुमारांचा ऊर असा भरून आला की दोन मिनिटं ते रक्तीसुद्धा विसरले. पण विशाखा विसरली नव्हती. तिनं मोबाइल स्टँडवर लावला, मॅडमना आणि पप्पांना समोरासमोर बसवलं. शिवराज काळे "मी फक्त सेफ्टीसाठी थांबतो" म्हणत आत आले आणि ताटाजवळची खुर्ची पकडून बसले. दारात आणखी शेजारी दाटले. वाढायला मुक्ताबाई स्वतः आल्या; त्यांनी कुणाला पळीला हात लावू दिला नाही. प्रत्येकाच्या ताटात बाजरीची भाकरी, कांदा, एका वाटीत माशाचा रस्सा, एका वाटीत काळ्या मसाल्यात परतलेलं काळंशार सुकं.

ठरल्याप्रमाणे आधी पाहुण्यांचा पदार्थ. राजकुमारांनी माशाचा तुकडा उचलला आणि तोंडात घातला. नाकपुड्या उघडल्या, कान उघडले, टाळूवर एखादं झाकण असतं तर तेही उघडलं असतं. पण गडी हलला नाही. त्यांनी तो चावला, गिळला, भाकरीनं वाटी पुसली आणि म्हणाले, "सांगा मॅडमना, त्यांच्या पूर्वजांना माझा सलाम आहे."

दारात टाळ्या झाल्या. विशाखानं भाषांतर केलं. चो मॅडम पुन्हा बसल्या बसल्या वाकल्या. मग त्यांनी रक्तीची वाटी जवळ ओढली, वास घेतला आणि एकदम ओरडल्या.

"घाबरल्या!" शिवराज म्हणाले.

"नाही," विशाखा हसत म्हणाली. "म्हणतात, हे तर आमच्याकडेही आहे! गोठलेल्या रक्ताचं सूप. आदल्या रात्री दारू जास्त झाली की सकाळी नाश्त्याला घेतात."

"नाश्त्याला?" राजकुमारांचा आवाज चिरकला.

"शाळेत जायच्या आधी त्यांची आई द्यायची म्हणे. विचारतात, यात धाडस कसलं?"

चो मॅडमनी वाटी संपवली. दुसरी मागितली. तिसरी स्वतः उठून घेतली. आता सगळ्या नजरा राजकुमारांकडे वळल्या. मोबाइलवर लाल ठिपका चालू होता. जो पदार्थ एक बाई नाश्त्यासारखा हसत खेळत खात होती, त्याच्यासमोर विंचू खाल्लेला माणूस घामाघूम झाला होता.

"पप्पा, आता तुमचा घास," विशाखा म्हणाली. तिच्या डोळ्यांत असा काही विश्वास होता की त्यापुढं अपेंडिक्सचं ऑपरेशनही सोपं वाटावं.

राजकुमारांनी निशाताईंकडे पाहिलं. निशाताईंनी काचेचा टीपॉय हळूच मागं ओढला.

त्यांनी डोळे मिटले. बाबासाहेबांचं स्मरण केलं. भाकरीत मोठा घास धरला आणि तोंडात टाकला. एकदा चावलं. दोनदा चावलं. गरगरलं नाही. पाय थंड पडले नाहीत. जिभेवर लसूण होता, खोबरं होतं, काळा मसाला होता आणि मधे काहीतरी मऊ, किंचित चिवट, रस धरून असलेलं. त्यांनी आणखी एक घास घेतला. मग वाटीच ताटात उपडी केली.

डोळे उघडले तेव्हा ते वेगळेच राजकुमार होते. ते उठून उभे राहिले.

"मित्रहो," ते म्हणाले. समोर एकूण सात-आठ माणसं होती, पण आवाज मैदानातला होता. "ही चव पुस्तकात सापडत नाही. ही आपल्या आज्या-पणज्यांच्या हातातून थेट आपल्या जिभेवर येते. या घासात कष्ट आहेत, या घासात बाणा आहे! ज्यांनी याला नाव ठेवलं, त्यांनी हा एकदा खाऊन दाखवावा. आज मला माझ्याच रक्ताची ओळख पटली!"

शिवराजनी टाळ्या पिटल्या. दारातल्या एका काकूंनी "आम्हाला पण वाढा की थोडं" म्हटलं. विशाखानं वडिलांना मिठी मारली आणि कानाशी म्हणाली, "पप्पा, मला लई अभिमान वाटतो तुमचा." राजकुमारांना वाटलं, आता हॉलमधला विंचवाचा फोटो काढून टाकला तरी चालेल.

रिकामी वाटी घेऊन ते स्वयंपाकघरात आले. मुक्ताबाई ओट्याला टेकून पाणी पीत होत्या.

"माय, पाहिलंस ना? काही होत नाही गं. मी उगाच घाबरत होतो इतकी वर्षं. आता दर रविवारी करायची. वाढ अजून!"

"रक्ती कुठं उरली? त्या पोरीनं कढई पुसून खाल्ली," मुक्ताबाई म्हणाल्या. "तुझं हाय की अजून पातेल्यात. सोयाबीन लई भिजलं आज."

"सोयाबीन?"

तेवढ्यात हॉलमधून विशाखा ओरडली, "पप्पा! मॅडमनी तुमचा व्हिडिओ कोरियाला सगळ्यांना पाठवला!"

राजकुमारांनी दार लोटून घेतलं आणि दबक्या आवाजात म्हणाले, "माय, मी खाल्लं ते सोयाबीन होतं?"

मुक्ताबाईंनी पातेल्यावरचं झाकण काढलं आणि त्यांची वाटी भरून दिली.

"मंग? रक्ती खाल्ली असतीस, तर असा सवताच्या पायानं आला असतास व्हय इथवर?"